एक हजार एक नंबरचा मालक

आमच्या बिल्डिंगमध्ये बातमी अशी पसरली होती, की आत्यानं कारखान्यात मालकाच्या मेव्हण्यावर कात्री उगारली, त्याला कापडाच्या टेबलाभोवती तीन फेऱ्या पळवलं आणि शेवटी चौघींनी धरून तिला पाणी पाजलं. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी तर जिन्यात उभं राहून कात्रीची लांबी हात पसरून दाखवली. ती लांबी खरी धरली तर ते कापडाचं हत्यार नसून झाडं तोडायचं असणार.

यातलं खरं एवढंच, की कात्री होती. ती सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा आत्याच्या हातात असतेच, जसा कंडक्टरच्या हातात पंच. त्या दिवशी तिनं ती उगारली नाही, उलट खाली ठेवली. पाती मिटून, टेबलाच्या कडेला, सरळ रेषेत. आणि आत्याला ओळखणाऱ्या माणसाला हे माहीत असतं, की तिनं हातातली वस्तू खाली ठेवली की आपण हळूच दाराकडे सरकायचं. फेऱ्याबिऱ्या कुणी घातल्या नाहीत. मेव्हणा खुर्चीत बसला होता, खुर्चीला चाकं होती, आणि तो थोडा मागे गेला. तेवढंच.

कारखाना म्हणजे बॅटऱ्यांच्या दुकानावरचा दुसरा मजला. अठरा मशिनी, दोन लांब टेबलं, इस्त्रीच्या वाफेनं कायम ओली असलेली एक भिंत. दवाखान्यांचे, गॅरेजांचे, प्रयोगशाळांचे गणवेश तिथं शिवतात. आत्या शिवत नाही. ती खाके काढते. म्हणजे एका सदऱ्याची पाठ, पुढा, बाही, कॉलर, खिसा, या प्रत्येक तुकड्याची बाह्यरेषा, आणि तीही नऊ मापांत. खाका अर्धा सेंटिमीटर चुकला, की दोनशे सदरे चुकतात आणि दोनशे नर्सना वरच्या फळीवरची बाटली काढताना काखेत कापड टोचतं. आधी ती हे सगळं तपकिरी कागदावर काढायची आणि खिळ्यांना टांगायची. चौदा वर्षांपूर्वी, ती लागल्यावर काही महिन्यांतच, कॉम्प्युटर आला. खर्च नको म्हणून मालकानं त्यात विंडोजऐवजी फुकटातलं लिनक्स टाकून घेतलं, आणि आत्या ते शिकली, कारण दुसरं कुणी शिकत नव्हतं.

तिथं तिला टाचणीताई म्हणतात. ओठांत कायम पाच-सहा टाचण्या, त्यामुळे ओठ मिटत नाहीत, त्यामुळे प-ब-म ही मंडळी तिच्या बोलण्यातून दिवसभर रजेवर असतात. "वाहीचं वाव दे," असं ती म्हणते आणि पोरी बाहीचं माप देतात. संताप झाला, की ती टाचण्या एकेक काढून टाचण्यांच्या छोट्या उशीला टोचते. शेवटची टोचली की सगळी अक्षरं कामावर रुजू होतात, आणि मग ज्याचं नाव प-ब-म नं सुरू होतं त्याची खैर नसते.

मेव्हणा म नंच सुरू होतो.

तो सहा महिन्यांपूर्वी आला. मालकीणबाईंचा धाकटा भाऊ. त्याच्या प्रत्येक वाक्याच्या तोंडाशी 'बेसिकली' उभं असतं, दारावरच्या वॉचमनसारखं. त्याला ओलांडल्याशिवाय आतलं वाक्य बाहेर पडत नाही. मालकांचं तसं नाही. मालक 'म्हणजे काय आहे ना' म्हणतात आणि मग काहीच सांगत नाहीत. मेव्हण्याला काय काम द्यावं हे सहा महिन्यांत ठरलं नव्हतं. तो फिरायचा, मशिनींवर बोट फिरवून धूळ बघायचा आणि 'सिस्टीम नाहीये' असं सांगायचा.

मग जुन्या कॉम्प्युटरची ड्राइव्ह टकटक करायला लागली. आत्यानं तीन वेळा सांगितलं, की ही मरणार आहे, नवी आणा. चौथ्यांदा मेव्हण्यानं सांगितलं आणि नवी आली, नव्या कॉम्प्युटरसकट. आत्याच्या रागाचा पहिला थर तिथं बसला.

नवं यंत्र मांडायला कॉम्प्युटरवाला आला, तेव्हा आत्या खाली बॅटऱ्यांच्या दुकानात लिफ्टची किल्ली मागत होती. त्यानं विचारलं, "कुणाकुणाची खाती उघडू?" मेव्हण्यानं यादी सांगितली, आणि ती मानाप्रमाणे सांगितली, ग्रुप फोटोला माणसं उभी करावीत तशी. पहिले मालक. दुसरा तो स्वतः. तिसऱ्या मालकीणबाई, ज्यांनी कॉम्प्युटरला आजवर फक्त फडका लावला आहे. चौथी मालकांची लेक, वय वर्षं सहा, कारण तिला वगळलं तर ती रुसेल. पाचवे हजेरीकाका, म्हणजे हजेरीपट ठेवणारे कारकून. सहावा कापड कापणारा कटरदादा. सातवी, सगळ्यात शेवटी, आत्या. कॉम्प्युटरवाल्यानं त्याच क्रमानं खाती उघडली, जुनं सगळं नव्या ड्राइव्हवर जसंच्या तसं उतरवलं आणि गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्यानं नर्सच्या सदऱ्याची पाठ उघडली. माप बेचाळीस. मुंढा, म्हणजे बाही जोडतात तो गोल, अर्धा सेंटिमीटर खाली घ्यायचा होता. तिनं घेतला. सेव्ह केलं. पडद्यावर उत्तर आलं: परवानगी नाही.

तिनं पुन्हा केलं. परवानगी नाही. दुसरी फाइल काढली, तिसरी काढली. उघडत होत्या, दिसत होत्या, पण हात लावू देत नव्हत्या. स्वतःच्याच घरात पाहुण्यासारखं बसवल्यागत. बसा, बघा, कपाट उघडू नका.

"वेव्हणेसाहेव," आत्या टाचण्यांमधून म्हणाली, "जरा इकडे या."

मेव्हणा चाकांच्या खुर्चीसकट आला. त्यानं फाइलींची यादी काढली. प्रत्येक फाइलीच्या ओळीत तिच्या मालकाचं नाव असतं. सहाशे बारा फाइली, आणि सहाशे बारा ओळींत एकच नाव: मेव्हण्याचं.

आधी तो चकित झाला, हे आत्यानं पाहिलं. मग त्याला ते आवडलं, हेही पाहिलं.

"बेसिकली ताई," तो म्हणाला, "फाइली माझ्या आहेत. मी नाही, सिस्टीम सांगतेय."

आत्यानं पहिली टाचणी काढली.

आता हा दिवस साधा असता तर गोष्ट वेगळी. पण त्याच दिवशी तीन वाजता सहा दवाखान्यांच्या खरेदी अधिकारी बाई येणार होत्या, वर्षभराच्या गणवेशांचे खाके मंजूर करायला. त्यांची एक अट होती: प्रत्येक खाक्याच्या कागदावर मास्तरचं नाव हवं. माप चुकलं तर त्या माणसाला बोलावणार, बदल हवा असेल तर त्यालाच विचारणार. कारखान्यात आजवर मास्तर असं कुणाला म्हटलंच नव्हतं. मालक आठवडाभर म्हणत होते, "म्हणजे काय आहे ना, कागदावर जे नाव येईल तो मास्तर." आणि कागदावर नाव आपोआप छापलं जात होतं, फाइलीच्या मालकाचं. चौदा वर्षांत आत्याला कुणी मास्तर म्हटलं नव्हतं, त्या दिवशी म्हणणार होते. आणि साडेदहा वाजता प्रिंटरमधून पहिला कागद बाहेर आला, तर कोपऱ्यात मेव्हणा.

मालकांना बोलावलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, कागद लांब धरला, जवळ धरला.

"म्हणजे काय आहे ना ताई, नाव कुणाचंही असलं तरी काम आपलंच ना. घरातलंच आहे."

"कुणाच्या घरातलं?" आत्यानं विचारलं. दोन टाचण्या उशीत.

"नाही, म्हणजे…"

"बेसिकली," मेव्हणा म्हणाला, "रेकॉर्ड इज रेकॉर्ड. बाईंना आपण काय सांगणार, की आमचा कॉम्प्युटर खोटं बोलतो? इम्प्रेशन काय पडेल?"

"वेचाळीसचा वुंढा किती आहे सांगा," आत्या म्हणाली.

"काय?"

आत्यानं उरलेल्या टाचण्या एकदम काढल्या. "बेचाळीसचा मुंढा. तुमच्या फाइलीतला. तुमच्या नावाचा. किती सेंटिमीटर?"

मेव्हण्यानं मालकांकडे बघितलं. मालकांनी भिंतीकडे बघितलं. भिंत ओली होती, तिनंही काही सांगितलं नाही.

"ते बघावं लागेल," मेव्हणा म्हणाला.

अठरा मशिनींपैकी किती चालू होत्या हे त्या वेळी कुणी मोजलं असतं, तर एकही नव्हती. आत्याच्या डोक्यात काय चाललं होतं हे तिनं नंतर सांगितलं, आणि सांगताना पुन्हा तेवढीच लाल झाली. तिला पहिल्या वर्षीचा गॅरेजचा डांगरी सूट आठवत होता, ज्याचा गुडघा तिनं अकरा वेळा बदलला, कारण मेकॅनिक उकिडवा बसतो आणि कुणी त्याला उकिडवा बसवून माप घेतलेलं नसतं. ती स्वतः गॅरेजात गेली होती, टेप घेऊन. गाडीखाली झोपलेल्या माणसाला म्हणाली होती, "दादा, असेच राहा." तो खाका आता मेव्हण्याचा होता. मेव्हणा त्या वर्षी शाळेत असेल.

मेव्हण्यानं कॉम्प्युटरवाल्याला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. पलीकडून रस्त्याचा आवाज, आणि त्यातून त्याचं सुखी उत्तर: "हां हां, होतं असं. एक काम करा साहेब, सगळ्यांना सगळी परवानगी देऊन टाका. एका ओळीचं काम आहे. मी मेसेज करतो, तेवढं टाइप करा, विषय संपला."

"झालं की," मालक म्हणाले. त्यांचा चष्मा नाकावर परत आला. "ताई, बघा, तुम्हालाही सेव्ह करता येईल. सगळ्यांनाच करता येईल."

"सगळ्यांना म्हणजे?"

"सगळ्यांना."

"म्हणजे उद्या इस्त्रीवाल्यानं चुकून एक कळ दाबली तर बेचाळीसची बाही अडतीसची होणार. आणि नाव?"

"नावाचं काय?"

"नाव कुणाचं राहणार?"

फोनवरून कॉम्प्युटरवाला म्हणाला, "नाव तेच राहणार मॅडम. परवानगी वेगळी, मालकी वेगळी."

"ठेव फोन," आत्या म्हणाली.

कात्री खाली ठेवली ती इथं. खुर्ची मागे गेली तीही इथं. जिन्यातल्या काकूंना हवं असेल तर त्यांनी हे लिहून घ्यावं.

आत्या कॉम्प्युटरसमोर बसली. तिच्याकडे एक वही आहे, मशीनच्या तेलाचे डाग पडलेली, पहिल्या कॉम्प्युटरवाल्यानं शिकवलेलं सगळं त्यात पेनानं लिहिलेलं. तिनं फाइलींची यादी पुन्हा काढली, पण या वेळी नावांऐवजी नंबर दाखवायला सांगितलं. सहाशे बारा ओळींत मेव्हण्याचं नाव गेलं आणि तिथं आलं: एक हजार एक.

ती त्या नंबराकडे बघत बसली. तेवढ्यात मागून हजेरीकाकांचा आवाज आला. हजेरीकाका नाकात बोलतात आणि प्रत्येक वाईट बातमी माफी मागत देतात.

"माफ करा हं, पण माझेही हजेरीपट सेव्ह होत नाहीयेत. आणि माफ करा, पण त्यावर मालकीणबाईंचं नाव आहे."

"कुणाचं?" मालक म्हणाले.

"वहिनींचं. नऊ वर्षांचे सगळे पट. माफ करा."

आत्यानं कटरदादाच्या फाइली काढल्या. कापडावर तुकडे कमीत कमी वाया जातील असे कसे मांडायचे, त्याचे दोनशेच्या वर नकाशे. मालक कोण? मालकांची लेक. पहिलीत.

कटरदादा बोलत नाही. तो कमरेवर हात ठेवून पडद्याशी आला, वाकला, नाव वाचलं आणि म्हणाला, "पोरगी हुशार आहे."

मग मात्र मशिनींमागे जे हसू फुटलं ते थांबेना. एक जण तोंडात कापडाचा बोळा कोंबून बसली होती. आत्या हसली नाही. तिनं वहीचं पहिलं पान उघडलं. जुन्या यंत्रावर माणसं जशी कामाला लागली तशी खाती उघडली होती. एक हजार: मालक. एक हजार एक: ताई. एक हजार दोन: हजेरीकाका. एक हजार तीन: कटरदादा. एवढीच माणसं, एवढेच नंबर.

"हे बघा," ती मालकांना म्हणाली. आवाज खाली होता, आणि तो तसा असला की जास्त लागतो. "यंत्र फाइलीवर नाव लिहीत नाही. नंबर लिहितं. माझ्या फाइलीवर चौदा वर्षं एक हजार एक लिहिलंय. नव्या यंत्रात तुम्ही रांग लावलीत मानाप्रमाणे. एक हजार एक कुणाला दिलात? यांना. एक हजार दोन वहिनींना. एक हजार तीन लेकीला. ड्राइव्हनं काही बदललं नाही. रांग तुम्ही बदललीत."

मालक मेव्हण्याकडे वळले. "यादी तू दिलीस?"

"बेसिकली, सीनियॉरिटीप्रमाणे."

"ताईंची सीनियॉरिटी काय? चौदा वर्षं. तुझी? सहा महिने."

"फॅमिली सीनियॉरिटी."

"पासवर्ड द्या," आत्या म्हणाली. "मुख्य पासवर्ड. मालकी बदलायला तोच लागतो."

"तो बेसिकली कॉन्फिडेन्शियल—"

"दे रे," मालक म्हणाले. चौदा वर्षांत त्यांनी पहिल्यांदाच दोन शब्दांत निर्णय दिला.

पावणेबारा वाजले होते. मेव्हणा म्हणाला, एकदम सगळ्यावर चालवून टाका, वेळ नाही. आत्यानं त्याच्याकडे पाहिलंही नाही. ती नवा खाका कधी सरळ महागड्या कापडावर लावत नाही. आधी मांजरपाटावर, स्वस्तातल्या जाड्याभरड्या कापडावर, मग खऱ्यावर. इथंही तसंच. तिनं एका जुन्या अ‍ॅप्रनच्या फोल्डरची नक्कल केली, नंबर तसेच ठेवून. त्या नकलेवर हुकूम चालवला: जिथं एक हजार एक असेल तिथं आत्याचा नवा नंबर, एक हजार सहा. मग आपल्या नेहमीच्या खात्यात शिरून तिनं त्या नकलेतली एक फाइल उघडली, खिशाचा कोपरा दोन मिलिमीटर हलवला आणि सेव्ह केलं.

झालं.

मग खऱ्या फाइली. पण हुकूम द्यायच्या आधी ती थांबली. एक हजार एक नंबरच्या फाइली तिनं आता तारखेनुसार लावल्या, कारण नवी ड्राइव्ह आल्यापासून मेव्हण्यानं स्वतः काही केलं असेल, तर तेही या झाडूनं तिच्या नावावर गेलं असतं. आणि सापडली. सहाशे बारा खाके सोडून एक फाइल, कालची, संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटं. त्याची स्वतःची, खरोखरची, एकुलती एक. आत्यानं उघडली.

व्हिजिटिंग कार्ड. मेव्हण्याचं नाव, खाली तिरप्या अक्षरांत: मुख्य पॅटर्न मास्तर.

काल. म्हणजे हे सगळं कळायच्या आधी. सकाळी तो चकित झाला होता ते खोटं नव्हतं, पण आवडण्यामागची हौस मात्र जुनी होती. मागं उभ्या असलेल्या सगळ्यांनी ते कार्ड वाचलं. हजेरीकाकांनी कुणाची तरी माफी मागितली.

आत्याचे कान लाल झाले, मग गाल, मग मानेपर्यंत गेलं. तिचं बोट कळीवर होतं. पुसून टाकता आली असती. मुख्य पासवर्ड तिच्या हातात होता, आणि कुणीही तिला अडवलं नसतं. तिनं ती फाइल बाजूच्या फोल्डरमध्ये नेऊन ठेवली, मालक तोच, नंबर तोच.

"हे तुमचं," ती मेव्हण्याला म्हणाली. "तुमचं तुमच्याकडेच राहू दे. मला दुसऱ्याचं नको."

मग तिनं हुकूम दिला. सहाशे बारा ओळी, एका दमात. मग हजेरीकाकांचे हजेरीपट मालकीणबाईंकडून हजेरीकाकांकडे आले, आणि लेकीनं वयाच्या सहाव्या वर्षी दोनशे नकाशांवरचा हक्क सोडला. नंतर परवानग्या. त्या तिनं घाईत केल्या नाहीत. खाक्यात लिहिणार कोण, नुसतं बघणार कोण, दारातही येणार नाही कोण, हे ती एकेक फोल्डर घेऊन ठरवत गेली. जेवली नाही. कुणी डबा पुढे केला तर हातानं बाजूला सारला.

तीन वाजता खरेदी अधिकारी बाई आल्या. कागद हातात घेतला, कोपरा वाचला आणि विचारलं, "मास्तर कोण?"

मालक पुढे झाले. "म्हणजे काय आहे ना…" मग त्यांनी मागं पाहिलं आणि म्हणाले, "या. आमच्या ताई."

बाईंनी दीड तास आत्याला मुंढ्याचे प्रश्न विचारले. आत्यानं कागद न बघता उत्तरं दिली. नऊ मापं, प्रत्येकी तीन प्रकारचे सदरे. मंजूर.

बाई गेल्यावर मालक तिच्याजवळ आले. हात चोळत होते. "झालं ना ताई मनासारखं? यंत्राची चूक होती, तुम्ही सुधारलीत. आता राग सोडा."

"यंत्राचा राग नाहीच मला," आत्या म्हणाली. "त्याला नंबर माहीत होता, त्यानं नंबर सांगितला. तुम्हाला तर मी माहीत होते."

ती खाली उतरली आणि चालत घरी आली, बस न घेता, कारण रागानं एका जागी बसवलं नसतं म्हणे.

घरी आली तरी ती धुमसतच होती. पिशवी टेबलावर आपटली. हे सगळं मला सांगितलं, मी मध्ये मध्ये मेव्हण्याचं 'बेसिकली' लावून देत होते, आणि तिला हसू येत नव्हतं. सांगून झाल्यावर पाणी प्यायली आणि म्हणाली, "आता तू सांग. मेव्हण्याला माझ्या खाक्यांवर कोणती परवानगी दिली असेन?"

"कसली परवानगी? काहीच नाही. शून्य. फोल्डरचं नावसुद्धा दिसत नसेल त्याला."

"पैज?"

"पैज. काय लावायचं?"

"नमुन्याचे सदरे सत्तावीस आहेत. कच्च्या टाक्यांचे दोरे काढायचे आहेत सगळ्यांचे. हरलीस तर तू."

"आणि तू हरलीस तर?"

"मी हरत नाही. लाव."

मी लावली. मला तिचे लाल कान समोर दिसत होते, माणूस आणखी काय पुरावा मागणार?

"वाचायची दिलीय," आत्या म्हणाली. "सगळ्या सहाशे बारा. लिहायची एकीवरही नाही."

"का? त्यानं ते कार्ड छापायला काढलं होतं आत्या."

"काढू दे. मास्तर म्हणवून घ्यायचंय ना त्याला? मग बसू दे रोज माझ्यासमोर, आणि वाचू दे, मुंढा कसा काढतात. गॅरेजच्या गुडघ्यापासून सुरुवात. सोमवारपासून. मालकांना सांगून आलेय मी. आणि दोरा ओढून तोडू नकोस, शिवण चुरगळते. एका टोकानं कापून सरळ खेच."

सत्तावीस सदरे, प्रत्येकाला दोन बाह्या, गळा, चार बाजू. माझ्या बोटांची सालं निघाली. आत्या समोर बसून बघत होती, आणि नवव्या सदऱ्याच्या वेळी म्हणाली की काखेत अजून एक दोरा राहिलाय.